ऑक आहे, पण कुठला ऑक?

काल ऑकची (awk, मजकूर चाळणारी छोटी भाषा) एक जुनी स्क्रिप्ट नव्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर टाकली आणि ती लगेच बोंबलायला लागली, म्हणे जेनसब (gensub, मजकुरात शोधून बदल करणारं) नावाचं फंक्शनच नाहीये, आणि माझ्या लॅपटॉपवर तर हीच वर्षभर गुपचूप चालत होती. अर्धा तास स्क्रिप्टच चाळत बसलो, मग ट्यूब पेटली की ऑक हे नुसतं नाव आहे, त्यामागे बसलंय कोण ते बघायला पाहिजे. व्हिच ऑक (which awk, कमांड कुठे आहे ते सांगणारं) केलं तर यूएसआर-बिनचा तोच नेहमीचा पत्ता, काही कळत नाही त्यातून. तोच पत्ता रीडलिंक मायनस एफला (readlink -f, लिंकमागची खरी फाइल दाखवणारं) दिला तेव्हा खरा चेहरा दिसला, एम-ऑक (mawk), ऑकचाच एक अवतार! डेबियनवर डीफॉल्ट तोच असतो आणि जेनसब मुळात जी-ऑकचं (gawk), म्हणजे दुसऱ्या अवताराचं. जी-ऑक इन्स्टॉल केला, विषय संपला.

विम या टेक्स्ट एडिटरचंही असंच. दोन मशीनवर व्हर्जन नंबर सेम, पण एकीकडे कॉपी केलेलं ब्राउझरमध्ये पेस्टच होईना. विम डॅश डॅश व्हर्जन (vim --version) मारा आणि त्या लांबलचक यादीत क्लिपबोर्डच्या आधी प्लस आहे की मायनस तेवढं बघा. मायनस असेल तर सेटिंग कितीही बदला, उपयोग शून्य, बिल्डच वेगळा, म्हणजे क्लिपबोर्डसकट तयार केलेला विम घ्यावा लागतो.

आणि हो, डेबियनवर सिक्युरिटी फिक्स बऱ्याचदा जुन्याच व्हर्जनला लावून देतात, त्यामुळे प्रोग्राम स्वतः जुनाच नंबर सांगतो आणि आपण उगाच घाबरतो. ॲप्ट पॉलिसी (apt policy, पॅकेजची माहिती देणारी कमांड) आणि पुढे पॅकेजचं नाव टाका, नंबरामागची ती डेब-यू (deb…u…) वाली शेपटी, म्हणजे डेबियनने फिक्स लावल्याची खूण, तिथे दिसते.