बाजरी किती वर आली

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, नव्वदीला टेकल्यात आणि त्यांनी एकदाही वारी केलेली नाही. माहेर फलटण तालुक्यातलं, जन्म 1936 चा. लहानपणी दरवर्षी माऊलींची पालखी जाताना रस्त्याकडेला कळशी घेऊन उभ्या राहायच्या, वारकऱ्यांना पाणी द्यायच्या. 1954 ला लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या त्या इथल्याच झाल्या. दर आषाढात काहीतरी निघायचंच, गाय व्यायलेली असायची नाहीतर नणंदेचं बाळंतपण, मग बाबांची गिरणी बंद पडली आणि त्यानंतर तर विषयच संपला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यामागे त्यांनी दोन गाई ठेवल्या, पहाटे चारला धार, अकरा घरांचं दूध, मग स्वयंपाक, दुपारी लोकांसाठी भाजणी नि चकल्या, आणि एवढ्यावर तीन मुलं शिकवली. तुमच्या वाटची वारी मी करून येते असं म्हटलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा. पण नीट बघत चाल."

काय बघत, हे मला तेव्हा कळलं नाही.

गोवा एक्सप्रेसने पुण्याला उतरले, मामेबहिणीच्या दिंडीत नाव घातलं होतं. आळंदीत महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकवलं ते आईंच्या नावाने. हा सोहळा घालून देणारे हैबतबाबा आरफळकर आमच्या ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते ना, त्यामुळे आईंच्या लेखी त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही माऊलींशी जोडलेलं आहे, हे त्या घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात.

पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, सगळं एकात एक मिसळून गेलंय. लक्षात राहिलं ते पहाटे तीनला टँकरपुढची रांग आणि त्या रांगेत रोज मध्येच बादली घुसवणाऱ्या आमच्याच दिंडीतल्या एक बाई. तोंडाने माऊली माऊली आणि कोपराने ढकलायचं. मला इतका राग यायचा की काकड्याला बसले तरी टाळ हातात आणि डोक्यात ती बादली. मग वीणेकरी बुवा अभंग उचलायचे, दीडशे टाळ एकदम पडायचे आणि राग कुठे जायचा कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच.

संध्याकाळी सात वाजता घरी फोन. आईंना ऐकू कमी येतं, मुलगी स्पीकरवर टाकायची. मला वाटायचं पादुकांचं दर्शन झालं का विचारतील, कीर्तन कुणाचं होतं विचारतील. त्या विचारायच्या, पाऊस किती झाला, पेरण्या उरकल्या का, विहिरींना पाणी आहे का. वाल्ह्याला विचारलं, "बाजरी किती वर आली गं?" मी म्हटलं चांगली आलीय आई. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तू बघितलीच नाहीस." खरंच बघितली नव्हती. रस्ता आणि पुढच्याची पाठ एवढंच बघत चालले होते मी. त्या रात्री तंबूत नीट झोप लागली नाही.

नीरा स्नान झालं, लोणंद झालं. लोणंद ते तरडगाव टप्पा तसा लहान, पण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं म्हणून गर्दी अशी की पाऊल टाकायला जागा नाही. अश्व माझ्यासमोरून गेले असतील, मला दिसले नाहीत. माझ्या डाव्या टाचेला दोन दिवस फोड होता, तो गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली आला आणि डोळ्यापुढे अंधारी आली. रिंगण सुटल्यावर दिंडी पुढे गेली, मी मागे राहिले. ऊन लागत होतं, सकाळचा पाऊस अंगावरच वाळला होता, चपलेत वाळू. शंभर पावलं चालायचं की थांबायचं. त्या वेळी विठ्ठलाचं नावही तोंडात येत नव्हतं, खोटं कशाला सांगू. शेवटी रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड होतं तिथे खाली बसले.

आतून एक बाई आली, चाळिशीची असेल, हाताला ओली माती. काही विचारलं नाही, समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "पाय हिकडं करा माऊली." मी नको नको म्हणतेय तोवर तिने टाच मांडीवर घेतलीसुद्धा. तांब्याभर पाण्याने धुतली, पदराने टिपली, मग सुईत दोरा ओवून सुई काडीच्या ज्योतीवर धरली आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, दोरा तसाच आत ठेवून. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब बाहेर येत होतं. कातडं काढायचं नाही, उद्यापर्यंत बसतंय बघा, म्हणाली. वरून हळद-तेल. मग फडक्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. भाकरीचा पहिला घास घेतला आणि मला रडू आलं, आमच्या आईंच्या भाकरीला अशीच थोडी करपट कड असते.

शेडमागे हिरव्या ओळी दिसत होत्या. मी विचारलं ही बाजरी का? ती हसली. उठून दोन रोपं उपटून आणली, चार चार बोटं उंच, "ही बाजरी, ही मका," आणि माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. मका रुंद पानाची, बाजरीचं पान बारीक.

मग मी सातची वाट बघितली नाही, तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, लंगडत बांधापर्यंत गेले आणि मोबाईल त्या ओळींवर धरला. आईंनी स्क्रीन पार नाकाशी नेली असणार, कारण मला नुसतं कपाळ दिसत होतं. आणि मग जो आवाज आला तो मी तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, घरातली आमची ती हिंदी मिसळलेली मराठी नाहीच.

"आगं दाट झालीया की! इरळणी कवा करनार?"

ती बाई दचकलीच, मग मोबाईलकडे तोंड करून ओरडली, "करायचीया आई, मान्सं मिळंनात. वारी फुडं गेली की करती."

"पाऊस हाय तवर कर. उपटल्याली रोपं मोकळ्या नांग्यात लाव."

"व्हय व्हय."

पाच मिनिटं दोघी बोलत होत्या, बियाणं कुठलं, पाभरीने पेरलं का ट्रॅक्टरने, रान कुणाचं. मी नुसती मोबाईल धरून उभी. शेवटी तिने पडद्यावरच्या कपाळाला हात जोडले.

पुढचं चालणं सोपं झालं असं नाही, फोड बसला तर पोटरी धरली. पण रोज एक शेत बघायचं आणि संध्याकाळी सांगायचं. बरडला ऊस, पुढे एके ठिकाणी डाळिंबाची बाग, माळशिरसच्या अलीकडे नुसतीच नांगरलेली जमीन. आई प्रत्येकाला काहीतरी म्हणायच्या.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात इतकी घाण होती की जीव खालीवर झाला. दर्शनाची रांग लांबच लांब, मुखदर्शनावर भागवलं, नामदेव पायरीशी आईंच्या नावाने नाक घासलं. कळस दिसला तेव्हा मात्र ती बादलीवाली बाई माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही रडले.

घरी आल्यावर बुक्का, लाह्या, तुळशीमाळ आईंच्या पुढे ठेवली. कपाळाला बुक्का लावला, माळ डोळ्याला लावून गळ्यात घातली. मग वहीत दाबून आणलेलं बाजरीचं वाळकं रोप त्यांनी चिमटीत धरलं, मुळं उलटून पाहिली, अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण आहे त्यावर ती मुळं घासली आणि वास घेतला.

आता आठवड्यातून दोनदा तरी विचारतात, त्या बाईची विरळणी झाली का गं? त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.