हाल्मोनीची भिशी आणि साहेबांचा चौपदरी रस्ता

आमच्या घरमालकीणबाई 78 वर्षांच्या आहेत. मी त्यांना हाल्मोनी म्हणते, म्हणजे आजी. वर्षातून दोनदा त्या मला हक्काने गाडी काढायला सांगतात: एकदा 26 ऑक्टोबरला आणि एकदा 14 नोव्हेंबरला. पहिली तारीख पार्क चुंग-ही यांच्या पुण्यतिथीची, दुसरी जयंतीची. दक्षिण कोरियावर 1961 ते 1979 अशी अठरा वर्षं राज्य केलेला हा लष्करशहा आमच्या गुमी शहरात जन्मला. इथे त्याच्या नावाचा रस्ता आहे, जन्मघराजवळ पाच मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. हाल्मोनी पांढरी शेवंती ठेवतात, कमरेत पूर्ण वाकतात आणि गाडीत बसताना दरवेळी तेच वाक्य म्हणतात, "या माणसाने आम्हाला भात दिला."

जन्मघरातली एक गंमत मला पहिल्याच भेटीत दिसली. त्याची अभ्यासाची खोली होती त्या भागावर अजून गवती छप्पर आहे, व्यवस्थित राखलेलं. याच माणसाने 1970 पासून 'सेमाउल', म्हणजे नवं गाव, या मोहिमेत देशभरातली गवती छपरं उतरवायला लावली. सुरुवातीला तेहतीस हजारांच्या आसपास गावांना प्रत्येकी 335 पोती सिमेंट फुकट दिलं आणि सांगितलं, गावाच्या कामाला वापरा. ज्या गावांनी चांगलं काम केलं, त्यांनाच पुढे आणखी मिळालं.

भाताचं वाक्य मी सुरुवातीला म्हातारपणातली भक्ती समजून सोडून द्यायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी 'बोरित्कोगे' समजावून सांगितलं. शब्दशः जवाची खिंड. हिवाळ्यात तांदूळ संपलेला आणि जव अजून शेतात हिरवा, असे मधले महिने. त्या दिवसांत झाडाची आतली साल उकडून खात. हाल्मोनींची एक धाकटी बहीण अशाच एका वसंतात गेली. रोग कुठला, ते कुणी विचारलंच नाही. हे ऐकल्यावर "हुकूमशहाला कसल्या वाकता" असं म्हणायची माझी तरी जीभ उचलली नाही.

आकडे त्यांच्या बाजूचे आहेत, हे आधीच सांगते. 1961 मध्ये कोरियाचं दरडोई उत्पन्न शंभर डॉलरच्या आत होतं, म्हणजे आपल्या तेव्हाच्या भारताच्या आसपास. 1979 पर्यंत ते दीड हजारांच्या पुढे गेलं. निर्यात 1964 साली दहा कोटी डॉलर होती, 1977 मध्ये हजार कोटी. सुरुवात झाली प्लायवूड, कापड आणि केसांच्या टोपांनी. बायका आपल्या वेण्या कापून विकायच्या आणि त्यांचे टोप अमेरिकेत जायचे. नंतर पोलाद आलं, जहाजं आली. पोहांगचा पोस्को 1973 मध्ये सुरू झाला. आपल्या माणगावजवळ विळे-भागाडला ज्या पोस्कोचा कारखाना आहे, तोच. मी रांजणगावच्या एमआयडीसीतून इथे आले, तेव्हा माझा पगारही कुठेतरी याच साखळीच्या टोकाला लटकलेला आहे. नाकारून कसं चालेल?

इथल्या जेवणाच्या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गोंग आहे, ग्वा आहे." गोंग म्हणजे कर्तृत्व, ग्वा म्हणजे दोष. दोन्ही तराजूत घालायचे आणि निकाल द्यायचा. वर्तमानपत्रंही तेच करतात. कुणाला सत्तर-तीस दिसतं, कुणाला उलटं.

आमचे बाबा इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. किर्द-खतावणीत आयुष्य गेलं. "जमा एकाच्या खात्यावर पडली आणि नावे दुसऱ्याच्या, तर बाकी निघत नाही, भांडण निघतं," हे त्यांचं म्हणणं. हेच बाबा आणीबाणीचा विषय निघाला की मात्र म्हणायचे, "काही म्हणा, तेव्हा एस.टी. वेळेवर यायची." खतावणीचा नियम तिथे त्यांना आठवत नसे. पार्क यांच्या आणीबाणीच्या आदेशांतला सगळ्यात जाचक, नववा, 13 मे 1975 चा. राज्यघटनेवर टीका करणंसुद्धा त्याने गुन्हा ठरवलं. त्यानंतर दीडच महिन्याने आपल्याकडे आणीबाणी आली. त्यामुळे गुमीतल्या या गप्पा मला कधी परक्या वाटल्या नाहीत.

मला खरा हिसका बसला तो हाल्मोनींच्या स्वतःच्या खात्यामुळे. इथे 'के' नावाचा प्रकार आहे. हुबेहूब आपली भिशी. बायका दरमहा पैसे घालतात, पाळीने उचलतात. साठच्या दशकात बँका सर्वसामान्य कंपन्यांना दारात उभं करत नसत. सरकार म्हणेल त्यालाच कर्ज. बाकीचे खासगी बाजारातून महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने पैसे उचलत, आणि त्या पैशात या भिश्यांचेही पैसे असत. हाल्मोनींच्या सासूबाईंनी उचललेली भिशी जवळच्या देगू शहरातल्या एका कापड गिरणीत ठेवली होती, धाकट्या मुलाच्या लग्नासाठी.

3 ऑगस्ट 1972 रोजी राष्ट्राध्यक्षांचा वटहुकूम निघाला. कंपन्यांनी खासगी लोकांकडून घेतलेली सगळी कर्जं गोठवली. तीन वर्षं मुद्दल द्यायचं नाही, पुढची पाच वर्षं हप्त्याने फेडायचं, आणि व्याज महिन्याला 1.35 टक्के. महागाई धरली तर हाती काय राहिलं, त्याचा हिशोब करा. आधी चर्चा नाही, संसदेत मतदान नाही. (रातोरात होणारी आर्थिक घोषणा आपल्यालाही ओळखीची आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.) कंपन्या मात्र तरल्या. कोरियाच्या औद्योगिक इतिहासात हा वटहुकूम धाडसी आणि यशस्वी निर्णय म्हणून सांगितला जातो, आणि अर्थशास्त्राच्या भाषेत तो बहुधा खरंच यशस्वी होता.

आता सांगा, हे गोंगच्या रकान्यात घालायचं की ग्वाच्या? गिरणीच्या वहीत जे जमा झालं, ते सासूबाईंच्या पदरातून गेलं, आणि त्यांना कोणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच ठेवलेली नव्हती. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, पार्क यांनी संसद बरखास्त करून 'युशिन' राज्यघटना आणली. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक बंद, मुदतीची मर्यादा बंद, संसदेतले एक तृतीयांश सदस्य त्यांनीच नेमायचे. अर्थकारण चांगलं आणि राजकारण वाईट, अशी फोड करणाऱ्यांनी हे दोन महिने शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

आमच्या ऑफिसातले ग्वाजांग, म्हणजे विभागप्रमुख, ग्वांगजूकडचे. कोरियाच्या नैर्ऋत्येचा जोल्ला प्रांत. पार्क यांचे कारखाने बहुतेक आग्नेयेला, त्यांच्या स्वतःच्या ग्योंगसांग प्रांतात आले. जोल्लातून पोरंपोरी सोलला कामाला गेली. ग्वाजांगांची आई पंधराव्या वर्षी प्योंगह्वा मार्केटमध्ये शिवणकामाला हेल्पर म्हणून लागली. तिथले माळे असे की दीड मीटरवर छत, उभं राहता येत नाही. दिवसाचे चौदा तास. त्याच बाजारात चॉन ते-इल नावाचा कटर होता. या मुलींना स्वतःच्या बसभाड्याच्या पैशातून खाऊ आणायचा आणि रात्री चालत घरी जायचा. कामगार कायदा अस्तित्वात होता, तो फक्त पाळा, एवढंच त्याचं मागणं. राष्ट्राध्यक्षांना पत्रही लिहिलं होतं त्याने. ते पोहोचलं नाही. 13 नोव्हेंबर 1970 ला त्याने स्वतःला पेटवून घेतलं. वय 22. म्हणजे हाल्मोनी ज्या तारखेला शेवंती घेऊन जातात, तिच्या बरोबर आदल्या दिवशी.

मजुरी स्वस्त होती म्हणून माल खपला, आणि संघटना करणाऱ्याला पोलीस उचलत म्हणून मजुरी स्वस्त राहिली. हे ग्वाजांगांनी मला सोजूच्या दुसऱ्या बाटलीनंतर नाही, कॅन्टीनमध्ये दुपारी साडेबाराला, ट्रे हातात धरून सांगितलं. आईबद्दल एवढंच म्हणाले, "ती अजून बसलेली असली तरी पाठ वाकवून बसते."

सोल-बुसान महामार्गावर माझी महिन्यातून एक खेप असते. 428 किलोमीटर, अडीच वर्षांच्या आत बांधला, जुलै 1970 मध्ये खुला झाला. तेव्हा विरोधकांनी बराच गदारोळ केला होता, मूठभर श्रीमंतांच्या गाड्यांसाठी रस्ता म्हणून. विरोधक चुकले, हेही लिहून ठेवायला हवं. ओकचनजवळच्या गुमगांग थांब्यावर कामात मेलेल्या 77 जणांचा स्मृतिस्तंभ आहे. थांब्यावर गरम अक्रोड-केक घ्यायला तोबा गर्दी, स्तंभाकडे जाणारी पायवाट बहुतेक वेळा मोकळी.

मग हा पैसा आला कुठून? 1965 मध्ये जपानशी करार केला, तीस कोटी डॉलर अनुदान आणि वीस कोटी कर्ज. वसाहतीच्या काळात वेठीला धरलेल्यांचे दावे त्यातच मिटले असं धरलं गेलं, आणि त्या लोकांच्या हातात फार थोडं पडलं. तीन लाखांवर सैनिक व्हिएतनामला पाठवले. पाच हजारांच्या आसपास परतले नाहीत. हाल्मोनींचे यजमान परतले. त्या भत्त्यातून घेतलेल्या जमिनीवरच आमची इमारत उभी आहे. पण त्यांच्या कातडीवर आयुष्यभर चट्टे उठत राहिले, आणि ते युद्धात जंगलांवर फवारलेल्या रसायनाचं विष होतं हे कळायला बरीच वर्षं गेली.

आणि सगळं श्रेय त्यांचंच, हेही मला पटत नाही. कसेल त्याची जमीन हा कायदा इथे 1950 मध्येच, आधीच्या राजवटीत अमलात आला. 1960 पर्यंत प्राथमिक शाळेत जवळजवळ सगळी मुलं जात होती. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा पार्क यांनी उलथवलेल्या निवडून आलेल्या सरकारने तयार केला होता. नुसत्या दंडुक्याने देश श्रीमंत होत असते तर सोलच्या उत्तरेला सीमेपलीकडे दिवाळी असती. 1987 नंतर लोकशाही आली तेव्हाही कारखाने बंद पडले नाहीत.

एका गोष्टीपुढे मात्र कुठलाच तराजू मी हातात घेत नाही. 8 एप्रिल 1975 ला सर्वोच्च न्यायालयाने आठ माणसांची फाशी कायम केली. आरोप, गुप्त साम्यवादी संघटना चालवल्याचा. अठरा तासांच्या आत, 9 तारखेच्या पहाटे, आठही जणांना फासावर चढवलं. घरचे भेटीसाठी तुरुंगाच्या दारात आले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. काहींची प्रेतंही घरच्यांना मिळाली नाहीत, परस्पर जाळली. 2007 मध्ये सोलच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्यांतले कितीतरी याच देगू परिसरातले होते. चॉन ते-इलही जन्माने देगूचाच. त्याचं तिथलं जुनं घर लोकवर्गणीतून विकत घेऊन जपलंय.

पार्क यांना 26 ऑक्टोबर 1979 च्या रात्री जेवणाच्या टेबलावर गोळी घातली ती त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने. तो किम जे-ग्यूसुद्धा गुमीचाच. त्याच्या नावाचा रस्ता अर्थातच नाही.

23 डिसेंबर 2024 ला देगूच्या मोठ्या स्टेशनसमोर पार्क यांचा नवा पुतळा बसवला. समोर टाळ्याही होत्या आणि निषेधाच्या घोषणाही. त्याच्या वीसच दिवस आधीची रात्र मी विसरणार नाही. 3 डिसेंबरला साडेदहाच्या सुमारास तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन लष्करी कायदा पुकारला. मी भांडी घासत होते. पाच मिनिटांत दारावर थाप. हाल्मोनी, घरातल्या कपड्यांत. एरवी याच बाई सांगायच्या, पार्क साहेबांच्या वेळी रात्री बारा ते चार संचारबंदी असायची, रस्ते किती शांत, चोर नाही, दारुडा नाही. आत आल्या आणि आधी माझ्या स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

"उजेड बाहेर दिसतो," म्हणाल्या.

अंधारात आम्ही दोघी टीव्हीसमोर जमिनीवर बसलो. आवाज त्यांनी अगदी बारीक ठेवायला लावला. संसदेच्या भिंतीवरून चढून आत जाणारे खासदार, सैनिकांना अडवणारी साधी माणसं. बारा वाजले तेव्हा त्यांनी विचारलं, "सायरन झाला का?"

"आता सायरन नसतो, हाल्मोनी."

एकच्या सुमाराला 190 खासदारांनी, एकही मत विरोधात न जाता, तो आदेश फेटाळला. मी म्हटलं, झालं, जा आता झोपायला, थकलात. त्यांचं घर म्हणजे फक्त दोन जिने वर, इमारतीच्या आतूनच.

"चार वाजेपर्यंत बाहेर पडायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या. साडेचारच्या आसपास राष्ट्राध्यक्षांनी माघार जाहीर केली. मग उठल्या, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना चढून गेल्या.