एकच स्लाइड, दोन मतं

थायरॉइडच्या गाठीची स्लाइड (काचेवरचा पातळ काप) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात मला कधीच कमीपणा वाटत नाही. सरळसोट पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडचा सर्वात नेहमीचा, कॅन्सर असेल तर सहसा एकमत होतं. घोडं अडतं ते कवच असलेल्या फॉलिक्युलर (बारीक पिशव्यांसारख्या रचनेच्या) गाठींपाशी. पेशींची केंद्रकं जराशी मोठी, जराशी फिकट, कुठे एखादी खाच. कॅन्सर म्हणायला एवढं पुरेसं धरायचं का? दोन अनुभवी माणसंही इथे वेगळं बोलतात.

२०१६ साली अशा कवचबंद, आजूबाजूला न घुसलेल्या गाठींच्या नावातून ‘कॅन्सर’ शब्दच काढला. ‘निफ्टपी’ (NIFTP: न घुसलेली, पॅपिलरीसारखी केंद्रकं असलेली फॉलिक्युलर गाठ) हे नाव आलं. केंद्रकांचा आकार, त्यांच्या कडा, क्रोमॅटिनचा (केंद्रकातल्या डीएनए-प्रथिनांचा) पोत, प्रत्येकी एक गुण. हे नाव द्यायला तीनपैकी किमान दोन गुण हवेत. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्या एका शब्दापायी उरलेली ग्रंथी काढली जायची, रेडिओआयोडिन (किरणोत्सारी आयोडिन) दिलं जायचं. पण गुण शेवटी डोळ्यांनीच द्यायचे ना!

परवाच्या गाठीत पेशींची जीभ कवचात शिरलेली दिसली. आरपार गेली असेल तर गाठ घुसलेली, म्हणजे कॅन्सर; पण गेलीय की नाही, ठरेना. गाठीच्या मेणातल्या ब्लॉकचे आणखी खोल काप मागवले, उरलेलं कवचही तपासायला घेतलं. सहकारी डॉक्टरांना स्लाइड दिली, माझं मत मुद्दाम सांगितलं नाही. त्यांचं वेगळं पडलं, तर सर्जनला दोन्ही मतं कळवणार आहे.