व्हिसा मालकाच्या हाती असतो तेव्हा

अमेरिकेत एच-१बी व्हिसाचा, म्हणजे कंपनीच्या अर्जावर परदेशी कुशल कामगाराला मिळणाऱ्या व्हिसाचा, विषय निघाला की चर्चा हटकून एकाच प्रश्नावर येते: बाहेरून आलेल्या कुशल माणसांमुळे स्थानिकांचे पगार घसरतात का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. पगार केवळ माणसांच्या संख्येवर ठरत नाही. नोकरी सोडून जाण्याची मोकळीक कोणाला किती आहे, यावरही तो ठरतो.

संख्येचा परिणाम मोजणे मुळातच अवघड आहे. १९८० साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे फ्लोरिडात उतरली आणि मायामीतील कामगारांची संख्या जवळपास ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना तिथल्या पगारांवर फारसा परिणाम आढळला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांचेच आकडे तपासले, तेव्हा त्यांना मोठी घसरण दिसली. शिवाय क्यूबातून आलेले ते बहुतांशी अल्पकुशल कामगार होते, त्यामुळे अभियंत्यांविषयी त्यावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

एच-१बीचे नियम मात्र स्पष्ट वाचता येतात. एच-१बी कामगाराला ‘प्रचलित वेतन’, म्हणजे त्या भागात त्या कामासाठी सरकारने ठरवलेला किमान पगार, द्यावे लागते. पण त्याच्या चार पातळ्या आहेत, आणि अनेक वर्षे सर्वांत खालची पातळी अशी होती की त्या भागात तेच काम करणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ८३ जण त्याहून अधिक कमावत असत. दुसरी पातळीही मधल्या पगाराच्या खालीच होती. म्हणजे स्थानिकांपेक्षा कमी पगार देण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली होती.

त्यात भर पडते ती कंपनीशी असलेल्या बांधिलकीची. नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साधारणपणे ६० दिवसच मिळतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे, म्हणजे कायम राहण्याचे परवाने, वर्षाला सुमारे १,४०,०००, त्यांतच कुटुंबीयही मोजले जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. म्हणून भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. वाटेत कंपनी बदलली, तर बहुतेकदा ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांची प्रक्रिया नव्याने करावी लागते. असा माणूस पगारवाढ ठामपणे मागेल कसा? आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याला त्याच्याशीच स्पर्धा करावी लागते. दोघेही एकमेकांना दोष देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण एकाची अडचण दुसऱ्याच्याही पगारातून वसूल होत असते.

या रांगेत मुलेही वाढतात. २१ वर्षे पूर्ण होताच अनेकांचा आईवडिलांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावरील हक्क संपतो आणि ज्या देशात शाळा शिकली, तिथेच त्यांना स्वतःसाठी वेगळा व्हिसा शोधावा लागतो.