आमची वाटचाल : जुन्या जीपचं डिफरन्शियल आणि आमचं गॅरेज

वडिलांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याचं शेड. तेव्हा येईल ते काम घ्यायचे, ट्रॅक्टरचा क्लच, मेटॅडोरचं इंजिन, अगदी लुनासुद्धा. जीपच्या कामात आम्ही पडलो ते गिऱ्हाइकांमुळं. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल, तिथं फोर बाय फोर हौसेसाठी कोण घेत नव्हतं, दूध नि काजू बाहेर काढायचा तर तीच गाडी. महिंद्राच्या जुन्या जीप, सीजे आणि प्युजो इंजिनवाल्या एमएम ५४०. बाकी गाडी कशीही चालायची पण मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा अ‍ॅक्सलमधला गिअरचा संच, बिघडलं की मालक टो करून आमच्या दारात.

ते जातं का तर लोड हे एक कारण झालंच, पण खरं कारण बऱ्याचदा फालतू असतं. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं बारीक तोंड, मातीनं बुजतो, आतली हवा तापली की तिला वाट मिळत नाही मग सीलमधनं ऑईल बाहेर, आणि ओढ्यातनं गाडी घातली की अ‍ॅक्सल गार पडून पाणी आत खेचलं जातं. ड्रेन प्लग काढला की ९० नंबर ऑईलच्या जागी दुधाळ चहा. बेरिंग खातं, पिनियन (छोटा गिअर) जागा सोडतं, आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ असा आवाज सुरू. हा आवाज लोक सहा-सहा महिने रेडिओ मोठा करून काढतात!

आमचं नाव झालं ते एका हट्टामुळं, तो वडिलांचा. क्राऊन (मोठा गिअर) आणि पिनियन जोडीनंच बदलायचा. दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो कारण कंपनीत ते एकमेकांवर घासून जमवलेले असतात, पण गिऱ्हाईक म्हणणार क्राऊन चांगलाय की वो, नुसतं पिनियन टाका. नाही टाकलं. त्यात काही लोक तुटले, वडील तुटू दे म्हणाले.

आणि सेटिंग. जीपचं डिफरन्शियल अ‍ॅक्सलच्या गोळ्यातच, म्हणजे मधल्या फुगीर भागातच, बसवावं लागतं, बाहेर काढून टेबलावर जमवता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी दातांमधली मोकळीक, म्हणजे प्ले, नुसती हातानं हलवून "प्ले बरोबर हाय" म्हणत झाकण लावतात. आमच्याकडं डायल गेज लावल्याशिवाय झाकण लागत नाही, सहा ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) प्ले पाहिजे म्हणजे पाहिजे. दाताला ब्लू (निळा रंग) लावून फिरवायचं, ठसा मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत, टोकाशी पडला तर बाहेर, मग परत शिम (जाडी जमवायची पातळ चकती) बदलायची. दरवेळी बेरिंग प्रेसवर काढत बसलो तर दिवस जाईल म्हणून जुनी बेरिंगं आतनं जरा मोकळी करून ट्रायलसाठी ठेवलीत, ठसा मधोमध आला की मगच नवी ठोकायची. उद्यमनगरात असल्याचा फायदा हा की शिम जमेना तर शेजारच्या शेडमधनं ग्राइंडिंग करून अर्ध्या तासात हातात.

फोर व्हीलची खरी गंमत चंदगडच्या एका सीजेनं दाखवली. मालकानं दुसरीकडं स्वस्तात मागचं डिफरन्शियल बदलून घेतलेलं, आवाज नाही काही नाही, गडी खूश. पावसात चिखलात फोर व्हील टाकलं, निघाला, घाटात डांबरावर आला आणि फोन, "मालक, फोर व्हीलची दांडीच निघंना झालीया." आम्ही जाऊन पुढचं एक चाक जॅकवर उचललं तर ते खाडकन आपोआप फिरलं आणि दांडी बोटानं सुटली. शेडमध्ये झाकण काढून दात मोजले. पुढं मूळचा ४३-८ (क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८), म्हणजे ५.३८ चा रेशो, आणि मागं बसवलेला ३९-८, म्हणजे ४.८८. दहा टक्क्यांचा फरक, पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडणारच. चिखलात टायर घसरतात म्हणून कळत नाही, डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यावर. मालकाला वाटलं पुढचं पण ४.८८ करू, रस्त्याला पळंल. मी म्हटलं पोती घेऊन चढायचंय का पळायचंय? मागं परत ४३-८ टाकला.

त्यानंतर आमच्याकडं नियमच झाला, मागचं काम असलं तरी पुढचे दात मोजल्याशिवाय सेट मागवायचा नाही.

आता आर्मीच्या लिलावातल्या मारुती जिप्सी जास्त येतात, २०१९ नंतर नवी मिळत नाही म्हणून लोक जुनीच उभी करतात. जिप्सीचा गोळा, म्हणजे गिअरसकट डिफरन्शियल, बोल्ट काढून पुढनं अख्खा बाहेर येतो, त्यामुळं पुणे-बेळगावची पोरं गाडी न आणता नुसता गोळाच ट्रान्सपोर्टनं पाठवतात, आम्ही टेबलावर सेट करून ब्लूच्या ठशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि परत पाठवून देतो. धाकटा भाऊ फक्त तेच बघतो. पाठवताना तेवढं ऑईल काढून पाठवा बाबांनो, ट्रान्सपोर्टवाला शिव्या आम्हाला घालतो.