मॉरिशसच्या त्या सोळा पायऱ्या

आज संध्याकाळी तलावपाळीवर मैत्रिणींना मॉरिशसचे फोटो दाखवत होते. त्या सगळ्या निळ्याशार समुद्रापाशी थांबत होत्या. मला मात्र त्यांना पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट दाखवायचा होता.

बंदराकाठच्या दगडी पायऱ्या. फक्त १६. १८३४ पासून पुढची कित्येक दशकं ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर जवळपास पाच लाख मजूर या बेटावर आणले, बहुतेक सगळे आपल्या देशातले. त्यातले किती जण हा घाट चढून गेले असतील! बिहारकडचे जास्त, पण मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची माणसंही होती. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर पोटात कालवलं. कुणाच्या शेतातून, कुणाच्या कर्जापायी निघाली असतील ती? परतीची वाट किती जणांना मिळाली असेल?

त्यांची पतवंडं आज घरात तिथली क्रिऑल भाषा बोलतात, पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते! शाळेत मराठी शिकता येतं. आपल्या कोकणातला जाखडी नाचसुद्धा त्यांनी जपला आहे, झाकरी म्हणतात त्याला. हे ऐकून मला खरंच भरून आलं. आपण इथे ठाण्यात राहून मुलांना जाखडी कधी दाखवली?

दिवाळीच्या सुट्टीत कुणी जाणार असाल तर अर्धा दिवस पोर्ट लुईसला नक्की द्या. टूरवाले घाट पटकन उरकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.