पेट्रोल सोबत न्यावे की वाटेत घ्यावे?

अलास्कातील पॅक्सन ते कँटवेल हा सुमारे २१७ किलोमीटरचा डेनाली हायवे हिवाळ्यात वाहनांसाठी साफ केला जात नाही, आणि त्यावरून स्नोमोबिलने (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीने) जाताना मी पेट्रोल सोबतच नेतो. वाटेतल्या लॉजवर ते महाग पडते याची मला तक्रार नाही, कारण तिथवर ते पोहोचवणेच कष्टाचे असते. पण लॉज बंद निघाले, तर खिशातले पैसे काय कामाचे? २० लिटरच्या भरलेल्या कॅनमधल्या पेट्रोलचेच वजन जवळजवळ १५ किलो होते, आणि भुसभुशीत बर्फात तो भार ओढण्यातच काही पेट्रोल खर्ची पडते, हे मान्य. ओतताना मात्र रबरी हातमोजे घालावेतच: उणे ३० अंशांतही पेट्रोल गोठत नाही, आणि चार थेंब सांडले तरी चटका बसावा तशी बोटे बधिर होतात.